फाटकाचं शेवटचं कडवं

अकरा एप्रिल. गच्चीवर वर्षाचा गहू वाळत घातला होता आणि मी तो पायानं सारखा करत होते, तेवढ्यात आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, माझ्या माहेरच्या गावच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. माहेर दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूला. मी लग्न झाल्यापासून शिरूरला राहते.

“काय करतीस?”

“गहू वाळवतेय, आबा.”

“वाळव, वाळव. आन् आईक. औंदा जत्रंत पाच वाजता तुझा कार्यक्रम ठिवलाय. बाया म्हन्त्यात, दरसाल तमाशा आन् आर्केस्ट्रा, आमच्यासाठी बी कायतरी ठेवा. आता गावचीच लेक गिटार वाजवती, तर भाईरचं कशाला आनायचं?”

“कुठली गाणी म्हणायची?”

“तुला येत्यात ती म्हन की. हळू असली तरी चालतील. बायकाच हायेत.”

“मग माझी म्हणेन. मी केलेली.”

“तू केल्याली?” मागं ट्रॅक्टर वाजत होता, तो बंद करायला आबांनी कुणाला तरी सांगितलं. “म्हन. पर लांबड लावू नगू.”

फोन ठेवला आणि गव्हाची दुसरी बाजू सारखी केली. काम अर्धवट टाकून विचार करत बसायची मला सवय नाही. पण त्या दुपारी एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. माझं ‘फाटक’ नावाचं गाणं या दोन तालुक्यांत आजवर एकदाही शेवटपर्यंत झालेलं नव्हतं. ते या जत्रेत पूर्ण करायचं.

मी गाते आणि गिटार वाजवते. शिरूर आणि दौंड भागात गेली वीसेक वर्षं हेच माझं काम आहे. लग्नं, बारशी, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, हळदीकुंकू, एखाद्या हॉटेलचं उद्घाटन. मी गाते त्या प्रकाराला सॉफ्ट रॉक म्हणतात. हे सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. ते इंग्लिशमध्ये असतं का, आणि त्यावर नाचता येतं का. मी मराठीत म्हणते, आणि नाचता येत नाही. गिटारच्या तारा, खालच्या पट्टीतला आवाज, रोजच्या बोलण्यातले शब्द आणि कुठंही ओरडायचं नाही, एवढंच ते आहे. शिरूरच्या बाजारात मला गिटारवाल्या वहिनी म्हणतात. भाजीवाल्याला माझं नाव विचारलं तर त्याला सांगता येणार नाही.

गिटार मी दौंडला शिकले. अकरावी-बारावीला रोज शटलनं खुटबावहून दौंडला जायचे. कॉलेज दुपारी सुटायचं आणि परतीची शटल संध्याकाळी. मधला वेळ स्टेशनवर काढण्यापेक्षा मी रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या आळीत एका कडुलिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचे. समोरच्या घराच्या व्हरांड्यात एक रिटायर गार्ड गिटार वाजवत असत. ख्रिस्ती घर, पिढ्यान् पिढ्या रेल्वेत. त्यांची सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली होती. आळीतले सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. ते हळू आवाजात इंग्लिश गाणी म्हणायचे आणि मधूनच घरात बघून चहा झाला का म्हणून ओरडायचे. गाणं हळू आणि ओरडणं मोठ्यानं, अशी त्यांची विभागणी होती.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. “ए लडकी, सुनती है या पढ़ती है? एक कुछ कर.”

मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. बारावी होईपर्यंत बसत राहिले. पहिल्या महिन्यात डाव्या हाताची बोटं सोलून निघाली. आईनं हळद लावली आणि म्हणाली, “ऊस बांधताना येवढी सोलली न्हाईत तुझी. ह्यो कसला बाजा म्हनायचा?” पुढं त्या बोटांना घट्टे पडले, ते अजून आहेत. तव्यावरची भाकरी मी त्याच बोटांनी उलटते, चटका लागत नाही.

गार्डसाहेबांचं शिकवणं एका गोष्टीवर अडायचं. मी घाई करायचे. सूर सुटला की पुढचा पकडायचे. ते पायानं जमिनीवर ताल द्यायचे आणि मधेच तारांवर तळहात ठेवून सगळं बंद करायचे. पाय मात्र चालू असायचा. मी त्या रिकाम्या जागेत काहीतरी वाजवलं की म्हणायचे, “क्या जल्दी है? शटल छूट रही है क्या? गिन. मन में गिन.” मी मोजायला शिकले. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलीनं त्यांची गिटार मला दिली. अजून तीच वाजवते. तिच्या मागच्या बाजूचं पॉलिश त्यांच्या शर्टाच्या बटणांनी खरवडलेलं आहे. ते मी पुन्हा करून घेतलं नाही, कारण आवाजाला त्यानं काही फरक पडत नाही.

लग्न होऊन शिरूरला आले आणि तिथल्या एका ऑर्केस्ट्रात शिरले. तिथं मला गिटार गळ्यात अडकवून पुढं उभं करत, पण तिची वायर कुठंच जोडलेली नसे. बाई गिटार घेऊन उभी दिसली की पोस्टर चांगलं होतं, असं मालकाचं म्हणणं. दोन हंगाम सहन केलं आणि सोडलं. मग एक माईक, एक स्पीकर आणि मी, असं एकटीचं काम सुरू केलं. नवरा कंपनीत शिफ्टला जातो. सुट्टीच्या दिवशी गाडी तोच चालवतो आणि वायरीही तोच गुंडाळतो. त्याला संगीतातलं काही कळत नाही, वायरींमधलं सगळं कळतं. माझं त्यावर भागतं.

लग्नात माझं काम अक्षता पडल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत असतं. ते मला कसं मिळत गेलं, हे सांगण्यासारखं आहे. पंगत बसलेली असताना जलद गाणं लागलं की वाढपी पळायला लागतात. रस्सा सांडतो, भात एकाच्या पानात दोनदा पडतो आणि दुसऱ्याचं पान कोरडं राहतं. मी गायला लागले की वाढपी शांत चालतात. हे पहिल्यांदा एका आचाऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं दुसऱ्या आचाऱ्याला सांगितलं. माझी बरीचशी कामं आचाऱ्यांच्या शिफारशीवर आली आहेत. कलावंत म्हणून याचं मला वाईट वाटावं, असं एका पुण्याच्या पाहुण्यानं मला सुचवून पाहिलं. मला वाटलं नाही. काम मिळालं, आवाज टिकला, हात चालू राहिला.

या सगळ्यात मी स्वतःची गाणीही करत गेले, आणि त्यातलं ‘फाटक’ मला सगळ्यात नीट जमलं. आमच्या गावच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे. फाटक पडलं की मोटारसायकली बंद होतात, लोक खाली उतरतात, आणि जे घरात बोलणं होत नाही ते तिथं उभ्या उभ्या होतं. गाण्यात एक जोडपं आहे.

*फाटक पडलंय, गाडी बंद कर,*
*उतर खाली, उभं राहू.*
*बोलायचं काही ठरलं नव्हतं,*
*निघालं तर बोलून पाहू.*

अशी तीन कडवी आहेत. ती दोघं काहीबाही बोलतात, पण तिला जे सांगायचंय ते अजून यायचं आहे. मग गाडी येते. तिथं मी तारांवर तळहात ठेवते आणि गाणं थांबतं. आवाज नाही, शब्द नाही, फक्त माझा पाय मोजत असतो. दोन लांब श्वास आणि वर थोडं. मग शेवटचं कडवं. ते नसेल तर ती दोघं फाटकात उभी होती एवढंच त्या गाण्यातून कळतं.

अडचण त्या थांब्यात होती. आमच्या भागात कुठलाही कार्यक्रम निवेदकाशिवाय होत नाही. निवेदकाच्या हातात वायर नसलेला माईक असतो आणि आलेल्या पाहुण्यांची नावं घेणं हे त्याचं मुख्य काम. ‘आत्ताच आपल्या मंडपात अमुक अमुक यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत.’ नाव राहिलं तर पाहुणा रुसतो, जेवत नाही, आणि ते रुसणं पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतं. म्हणून निवेदक सारखा फट शोधत असतो. गाणं चालू असताना बोलू नये एवढं त्यालाही कळतं. पण माझ्या गाण्यातच फट होती.

तळेगाव ढमढेऱ्याच्या एका लग्नात मी तारांवर हात ठेवला आणि माईकवरून आलं, “पांढऱ्या गाडीच्या मालकांनी कृपया गाडी काढून घ्यावी, पाण्याचा टँकर अडकलाय.” दौंडला एका कंपनीच्या कार्यक्रमात त्या जागी जेवण तयार असल्याची घोषणा झाली आणि सगळे उठले. शिरूरच्या हळदीकुंकवात निवेदक नव्हता, तर बायकांनी गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या आणि वाण वाटायला घेतलं. एकदा थांबा मोडला की शेवटचं कडवं म्हणता येत नाही. मी म्हणून पाहिलं आहे. कुणी ऐकत नाही, ताटांचा आवाज सुरू झालेला असतो.

पुण्यात दोन-तीन ठिकाणी ‘फाटक’ पूर्ण झालं होतं. तिथं लोक कॉफी घेऊन गप्प बसतात, शेवटी हळू टाळ्या वाजवतात. पण त्यांच्यातल्या किती जणांनी फाटकात गाडी बंद करून बोलणं केलंय? गाणं ज्यांचं आहे त्यांनीच ते पुरं ऐकलं नव्हतं.

आमच्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांना निवेदक एकच असतो. आवाज चांगला, पाठांतर चांगलं, माणूस चांगला. त्याच्याशी यावर माझी अनेकदा वादावादी झाली होती.

“वहिनी, तो गॅप काढून टाका.”

“गाडी जायला जागा लागते.”

“तुम्ही गप झालात की माझ्या पोटात गोळा येतो. स्टेज गप म्हंजी प्रोग्रॅम बंद पडला. पब्लिक उठतं.”

“आजवर कोण उठलंय?”

“मी उठूच देत न्हाई ना!”

जत्रेलाही तोच येणार होता. म्हणून मी दुसऱ्या दिवशी आबांना उलट फोन केला.

“आबा, माझी एक अट आहे. माझं गाणं चालू असेल तोवर माईकवर दुसरं कुणी बोलायचं नाही.”

“आन् पाव्हणं आलं तर?”

“बसवायचं.”

“नाव न घेता?”

“गाणं संपलं की घ्या. दोनदा घ्या.”

“बरं बाय. माईकवर कुनी बोलनार न्हाई. शबूद दिला.”

रात्रीच्या जेवणाला हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, “आणि तरी नाही झालं तर?”

“तर ‘फाटक’ काढून टाकायचं. परत स्टेजवर म्हणणार नाही. लोकांची गाणी आहेत की, ती म्हणेन.”

“रागानं बोलतेस का खरंच?”

“अहो, मी रागानं काय बोलते कधी?”

त्यानं दुसरी भाकरी घेतली. त्याला माहीत आहे की मी एकदा बंद केलेली गोष्ट परत उघडत नाही. ऑर्केस्ट्रा सोडला तेव्हा मालक घरी दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी गिटारच्या सगळ्या तारा बदलल्या. एप्रिलच्या उन्हात नव्या तारा सैल पडतात, म्हणून दिवसभर अधूनमधून ताणून घेतल्या. दुपारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालो. गिटार मागच्या सीटवर ओल्या चादरीखाली ठेवली होती. गाडीत ऊन लागलं तर लाकडाचा डिंक सुटतो.

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या आणि सतरंजी टाकलेली. कुस्त्यांचा आखाडा नुकताच उठला होता, धूळ अजून हवेत होती. पुढं ताडपत्रीवर बायका बसल्या होत्या, मागं पुरुष मोटारसायकलींवर तिरके बसले होते. पलीकडं पाळणा आणि बर्फाच्या गोळ्याची गाडी. निवेदक फेटा बांधून हजर होता.

“वहिनी, माझा माईक डेड हाय,” तो माझ्याजवळ येऊन म्हणाला. “आत्ता तर चालू व्हता.”

“त्याचे सेल माझ्या पर्समध्ये आहेत.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माईककडं. “आबांचा शबूद बास न्हाई व्हय तुम्हाला?”

“आबांचा शब्द आबांपुरता. तुमच्या पोटातल्या गोळ्याचं काय?”

तो मोठ्यानं हसला. “मग मी काय करू हितं? फेटा बांधून आलोय.”

“ऐका.”

तो खरोखर ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा राहिला.

पहिली दोन गाणी ठीक झाली. तिसरं ‘फाटक’. सुरुवातीला मी सांगून टाकलं, “हे गाणं मधे थांबतं. थांबलं म्हणजे संपलं नाही.” असं आधी सांगणं मला आवडत नाही, पण त्या दिवशी मी काही शिल्लक ठेवणार नव्हते.

पहिल्याच ओळीला पुढच्या बायकांत हालचाल झाली. त्यांना फाटक कुठलं ते कळलं होतं. एक दुसरीला कोपरानं ढोसत होती. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं. मागं पाळण्याच्या भोंग्याचं गाणं चालू होतं, ते मी कानाआड केलं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मी तारांवर तळहात ठेवला आणि पायानं मोजायला लागले.

निवेदक हलला नाही. तोंडावर हात धरून उभा होता.

हलले ते आबा. ट्रॉलीला लावलेली लोखंडी शिडी वाजली. आबा पुढं, त्यांच्या मागं इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले एक पाहुणे. आबांच्या हातात शाल, पाहुण्यांच्या हातात नारळ. माझाच सत्कार. पाहुण्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं, आणि त्यांच्या हस्ते गावच्या लेकीचा सत्कार झाल्याशिवाय आबा त्यांना सोडणार नव्हते. माईकवर कुणी बोलणार नाही, एवढाच शब्द आबांनी दिला होता. स्टेजवर कुणी येणार नाही, असं मी मागायला विसरले होते. आमच्याकडं कलावंताचा मान ठेवायचा म्हणजे त्याचं गाणं थांबवून ठेवायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आबांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. तिचं एक टोक गिटारवर, खालच्या दोन तारांवर पडलं. पाय मोजत होता. आबा वाकले आणि त्यांच्या मते हळू म्हणाले, “घे बाय, नारळ घे. सायबांना फुडं लगीन हाय.”

माझा डावा हात गिटारच्या मानेवर, उजवा तारांवर. मी मान हलवून नाही म्हटलं.

“आगं घे की!”

हे माझ्या माईकनं उचललं. सगळ्या जत्रेला ऐकू गेलं. मागं मोटारसायकलींवर हशा पिकला. पाहुणे नारळ पुढं करून तसेच उभे. इथं मला दोन मार्ग होते. गिटार खाली ठेवायची, नारळ घ्यायचा, नमस्कार करायचा आणि ते गाणं कायमचं काढून टाकायचं. नाहीतर माहेरच्या स्टेजवर, चुलत्याच्या आणि पाहुण्याच्या समोर, त्यांना उभं ठेवून गायचं.

तेवढ्यात ताडपत्रीवरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, “अवो सायेब, फाटक पडलंय! थांबा की वाईच!”

दुसरी म्हणाली, “गाडी जाऊ द्या आदी!”

बायकांचं हसणं पुढून मागं गेलं. पाहुणेही हसले. काय करावं ते त्यांना सुचलं नसावं, पण ते थांबले. नारळ छातीशी धरून, फाटकात उभं राहतात तसे. आबा माझ्याकडं बघत होते आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. हसणं ओसरायला लागलं. गार्डसाहेबांनी शिकवलं तसा पाय चालूच होता. थांबा ठरल्यापेक्षा लांबला होता. लांबू दे म्हटलं, मोठी मालगाडी असेल. मी कोपरानं शाल मागं सारायचा प्रयत्न केला, ती जेमतेम अर्धी सरकली. तशीच शेवटच्या कडव्याला सुरुवात केली.

*गेली गाडी, धूळ बसली,*
*तू किक मारलीस, मी मागं बसले.*
*सांगायचं ते राहिलं बघ,*
*पुढच्या फाटकाशी सांगू, म्हटले.*

एक तार शालीखाली दबलेली, म्हणून ठोकळ्यासारखी वाजत होती. आवाज पहिल्या ओळीला थोडा कोरडा आला. यापेक्षा चांगलं मी पुण्यात म्हटलं आहे. पण शेवटचा सूर सुटला तेव्हा ताडपत्रीवर कुणी बोलत नव्हतं, आणि मी तो विरेपर्यंत तसाच सोडून दिला. मग गिटार बाजूला ठेवली, उठून उभी राहिले आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला. पाहुण्यांना नमस्कार केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शिडीकडं घाईनं निघाले. निवेदकानं खालूनच, माईकशिवाय, त्यांचं नाव दोनदा घेतलं. त्याला माईकची गरज नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात चहा होता. आबा तिथं वाटच बघत होते.

“पाव्हना नारळ घिऊन हुबा! माझ्या स्टेजवर! जिंदगीत असं झालं न्हाई.”

“तुम्ही शब्द पाळलात, आबा. माईकवर कुणी बोललं नाही.”

“त्येच म्हन्तोय मी! शबूद दिल्ता मी तुला. आन् तू? एक नारळ घ्यायला तुझं काय जात व्हतं?”

“गाणं जात होतं.”

“गानं काय, परत म्हनायचं व्हतं.”

“वीस वर्षं परतच म्हणतेय, आबा.”

त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. “फुडल्या साली बघू,” म्हणाले. ते धमकी म्हणून म्हणाले होते आणि मी ती धमकी म्हणूनच घेतली. कप विसळून ठेवला. माफी मागितली नाही, कारण मला पुन्हा तसंच करावं लागलं असतं.

नवरा वायरी गुंडाळत होता तेव्हा ‘थांबा की वाईच’ म्हणणारी बाई जवळ आली. माझ्याच वयाची, कडेवर नातवंड, कपाळावर जत्रेतला गुलाल. नमस्कार-बिमस्कार काही नाही, तिनं सरळ विचारलं, “मग सांगितलं का तिनं? फुडल्या फाटकाला?”

“माहीत नाही. मी तेवढंच लिहिलंय.”

“असं कसं? इतकं थांबून ऐकलं आमी. फुडचं बी लिही की.”

“बघते.”

“बघते काय? माझी सून इचारंल घरी गेल्याव.”

ती निघून गेली. नवऱ्यानं वायरीचं वेटोळं पिशवीत टाकलं आणि म्हणाला, “सेल दे. माईक परत करायचाय.” मी पर्समधून सेल काढून दिले. निवेदकानं ते माईकमध्ये घातले, चालू करून एकदा ‘हॅलो’ म्हटलं आणि समाधानानं फेटा सारखा केला.

“वहिनी,” तो म्हणाला, “गोळा आला व्हता पोटात. खरं सांगतो.”

“गेला का?”

“गेला. पर तो गॅप जरा कमी करता आला तर बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी नारळ फोडला. पाणी नवऱ्याला दिलं, अर्ध्या खोबऱ्याची चटणी वाटली आणि अर्धं खवून फ्रिजमध्ये ठेवलं. मग पुढच्या लग्नवाल्यांना, तळेगाव ढमढेऱ्याला, फोन लावला. मुलीचे मामा होते.

“मामा, एक सांगायचं राहिलं. पहिली पंगत बसली की मी माझं स्वतःचं एक गाणं म्हणणार आहे. ते मधे थांबतं. त्या वेळात माईकवर कुणी बोलायचं नाही आणि सत्कारासाठी स्टेजवर कुणी चढायचं नाही.”

“आन् कुनाची गाडी अडकली तर?”

“अडकू द्या. गाणं संपलं की काढतील.”

“बरं,” मामा म्हणाले. “जेवान तर चालू ठिवायचं ना?”

“जेवण चालू ठेवा. वाढप्यांना मी सांगते.”

फोन ठेवला, गच्चीवर गेले आणि गहू मुठीत घेऊन दातानं चावून पाहिला. कडक वाजला. कोठीच्या तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला आणि पहिली पाटी ओतली.